घरच्या घरी गाडीच्या डिस्कला स्प्रे रंग: साताऱ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस उघडला, दिवाळी तोंडावर आली की साताऱ्यात दारोदारी गाड्या धुवायला निघतात. चिखल उतरला की डिस्कची अवस्था दिसते: फुटपाथला घासून खरवडलेले काठ, रंगाचे सुटलेले पोपडे, नटांभोवती तांबूस गंज. हे काम घरी करता येतं का, असं मला बरेच जण विचारतात. येतं, आणि चांगलं येतं. रंग कसा दिसेल याची काळजी मात्र प्रत्येकाला असते. रंग कुठे लागता कामा नये, हे फारसं कुणी विचारत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर खाली सगळ्यात सविस्तर दिलं आहे. बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं नक्की वाचा.

(खाली ‘डिस्क’ म्हणजे टायर जिच्यावर बसतो ते धातूचं चाक. ब्रेकच्या डिस्कला ‘ब्रेक डिस्क’ असंच लिहिलं आहे.)

स्प्रे कॅनचा रंग खरंच टिकतो का? की दोन महिन्यांत निघून जातो?

तयारी नीट केली तर काही वर्षं टिकतो. दोन महिन्यांत निघतो तो रंग बहुतेक वेळा तेलकट किंवा गुळगुळीत पृष्ठभागावर मारलेला असतो. कंपनीतून आलेल्या, भट्टीत भाजलेल्या रंगाइतका तो कडक होत नाही, त्यामुळे खडी उडून टवके जाणार. पण कॅन घरात असेल तर टवका भरायला दहा मिनिटं पुरतात.

माझी डिस्क लोखंडी आहे की अलॉय, हे कसं ओळखू?

लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंडी, नाही चिकटला तर अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची मिश्रधातू. प्लास्टिकचं व्हीलकव्हर असेल तर आतली डिस्क जवळजवळ नेहमी लोखंडी असते. फरक पडतो तो प्रायमरमध्ये (रंगाखाली मारायचा पहिला थर) आणि गंजामध्ये. लोखंडाला तांबडा गंज चढतो, तो दिसतो आणि घासून निघतो. ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी येते, ती रंगाखालून सरकत जाते आणि वरचा थर फुगवते. असा फुगलेला भाग दिसला की कडेचा चांगला वाटणारा रंगही थोडा खरवडून पाहा. भुकटी बहुतेक वेळा दिसते त्याहून पुढे गेलेली असते.

कुठल्या डिस्कला घरी हात लावू नये?

तडा गेलेल्या डिस्कला. बारीक असला तरी. रंग मारून तडा झाकणं म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या जिवाशी खेळणं आहे. खड्ड्यात आपटून वाकलेली डिस्कही आधी टायरवाल्याकडे फिरवून तपासून घ्या. गाडी ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरवत असेल तर रंगाचा विचार नंतर.

दुसरी म्हणजे डायमंड कट डिस्क. तिचा पुढचा चकचकीत भाग मशीनवर कातलेला असतो आणि त्यावर फक्त क्लिअर, म्हणजे रंगावर मारायचा पारदर्शक थर असतो. तो लूक कॅनमधून येत नाही. सगळी डिस्क एकाच रंगात करायची तयारी असेल तर करा. क्रोम असेल तर मात्र नकोच. घासूनही त्यावर रंग नीट धरत नाही.

साताऱ्यात हे काम कुठल्या महिन्यात करावं?

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान. पहाटे थंडीत धातूवर दव असतं. हाताला कोरडी वाटणारी डिस्कही गार असते, म्हणून ती आधी तासभर उन्हात ठेवा आणि रंग मारताना सावलीत घ्या.

जून ते सप्टेंबर अजिबात नको. कारण समजून घ्या: रंगातला द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार करतो. हवेत ओल जास्त असेल तर त्या गार थरावर पाणी धरतं आणि चमकदार रंग दुधट पांढरा पडतो. महाबळेश्वर, मेढा, पाटण, कोयना या बाजूला पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस हवा ओली असते. तिथल्या लोकांनी आणखी थोडं थांबावं. माण-खटावकडे ओलीचा त्रास कमी, धुळीचा जास्त. तिथे अंगणात आधी पाणी शिंपडून घ्या आणि ते निथळल्यावर काम सुरू करा.

एप्रिल-मेच्या दुपारी उलटा त्रास होतो. डिस्क तापलेली असते, रंगाचे थेंब डिस्कवर पोचण्याआधीच सुकतात आणि हात फिरवला तर खरखरीत लागतं. वाऱ्याचंही तेच. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. आपल्याकडे वारा आहे. झाडाची पानं सळसळत असतील तर रंग डिस्कवर कमी आणि शेजाऱ्याच्या गाडीवर जास्त जातो.

साखर कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. गाळप सुरू झालं की धुराड्यातून काळी काजळी उडते आणि ती ओल्या क्लिअरवर बसली की निघत नाही. तुमच्याकडे अंगणातले कपडे काळे होत असतील तर शेड किंवा ताडपत्रीचा आडोसा हवाच.

सामान काय काय लागतं?

चार डिस्कसाठी (१४ ते १६ इंच) साधारण ४०० मिलीच्या कॅनचा हिशेब: प्रायमरचे दोन, रंगाचे दोन ते तीन, क्लिअरचे दोन. तिन्ही एकाच कंपनीचे घ्या, म्हणजे वरच्या थराने खालचा थर सुरकुतवायचा धोका कमी. पॉलिश पेपर १२०, ३२०, ६०० आणि ८०० नंबरचे. लोखंडी डिस्क असेल तर तारेचा ब्रश. मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, लिंट न सोडणारं सुती कापड, थिनर, हातमोजे, चष्मा आणि योग्य मास्क. दुकानात कॅन घेताना तळाशी छापलेली तारीख बघून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेला कॅन मधेच थुंकल्यासारखे थेंब टाकतो.

टायर उतरवून घ्यावा लागतो का?

उतरवला तर काम सर्वात स्वच्छ होतं, पण त्यासाठी दोनदा टायरवाल्याकडे जावं लागतं आणि पुन्हा बॅलन्सिंग करावं लागतं. टायर ठेवूनही चांगलं होतं. हवा बरीचशी सोडा, म्हणजे टायरचा काठ डिस्कपासून थोडा सैल होतो. त्या फटीत जाड कागदाचे तुकडे गोलाकार, एकावर एक चढवून खोचत जा. यासाठी जुन्या लग्नपत्रिकांइतकं चांगलं काही नाही: जाड, गुळगुळीत आणि प्रत्येक घरात गठ्ठ्याने पडलेल्या. उभ्या कापून घ्या. कागद टायरच्या बाहेरच्या बाजूला कलतात आणि टायर पूर्ण झाकला जातो.

सगळी हवा सोडून टायर डिस्कवरून खाली पाडू नका. ट्यूबलेस टायर घरच्या पंपाने परत बसवता येत नाही.

चारही चाकं एकदम काढायची का?

नको. एकेक काढा आणि तिथे स्टेपनी लावा. गाडी जमिनीवर चार चाकांवर उभी राहते, रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तरी अडत नाही. नव्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी लहान मापाची असते. तिच्यावर कमाल वेग लिहिलेला असतो, बहुतेक ताशी ८० किलोमीटर. तिच्यावर हायवेला जायचं नाही.

जॅक सपाट, कडक जमिनीवर. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, तिरकस समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. नट गाडी उचलण्याआधीच अर्धा फेरा सैल करून ठेवा. जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत आणि विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक टेकू म्हणून वापरायचे नाहीत. ते न सांगता फुटतात.

घासायचं किती? नुसतं धुऊन चालणार नाही?

नाही चालणार. या कामातला बहुतेक वेळ धुण्या-घासण्यातच जातो, आणि तो द्यायलाच हवा.

आधी शाम्पू आणि ब्रशने दोन्ही बाजूंनी धुवा. डिस्कवरची काळी-तपकिरी पूड ब्रेकच्या झिजेची असते, तिच्यात लोखंडाचे कण असतात आणि ते रंगात रुतून बसलेले असतात. कोपऱ्यांसाठी जुना दातांचा ब्रश. मग मुख्य शत्रू: टायर पॉलिश. सर्व्हिसिंगला किंवा वॉशिंगला गाडी दिली की टायर काळे कुळकुळीत करून देतात. त्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं. त्याचा नुसता हात लागला तरी त्या जागी रंग आकसतो आणि वाटोळे खड्डे पडतात. म्हणून टायरही धुवा आणि थिनरचं कापड फक्त धातूवर फिरवा, टायरच्या रबरावर नाही. कापड सतत बदला. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर तेल इथून तिथे सरकतं.

रॉकेल किंवा डिझेलने धुवायची सवय अनेकांना आहे. ते घाण काढतं, पण तेलाचा पातळ थर मागे ठेवतं. या कामाला ते नको.

त्यानंतर घासणं. सुटलेला रंग आणि गंज १२० नंबरने. जिथे रंग घट्ट आहे तिथे तो काढायची गरज नाही, ३२० ने सगळी चमक मारा. रंग आणि उघडा धातू यांच्या सीमेवर बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. लागली तर ती रंगाखालूनही दिसणार. नटांच्या खोबणीजवळ आणि पात्यांच्या कोपऱ्यांत पेपर पोचत नाही, तिथे भांड्यांची हिरवी घासणी वापरा. शेवटी ६०० चा पेपर पाण्यासोबत. काम संपलं याची खूण एकच: पूर्ण डिस्क एकसारखी निस्तेज दिसली पाहिजे. एकही चमकणारा ठिपका राहिला तर पहिला पोपडा तिथूनच सुटेल.

फुटपाथला खरवडलेला काठ लांबीने (पुट्टीने) भरता येतो?

वरवरचे ओरखडे येतात. आधी कानस किंवा १२० च्या पेपरने धातूचे उभे कंगोरे खाली बसवा. निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्या खड्ड्यात हार्डनरवाली लांबी पातळ थरात भरा, सुकल्यावर घासा. जाड थर देऊ नका, काठाला पुन्हा धक्का बसला की पूर्ण तुकडा निघतो. टायर ज्या आतल्या कडेवर हवा धरून बसतो तिथे लांबी अजिबात नको.

रंग कुठे लागता कामा नये?

चार जागा आहेत.

पहिली, नट बसतात त्या निमुळत्या खोबणी. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे डिस्क हबवर (गाडीचा जो भाग चाकाला धरतो त्यावर) घट्ट दाबली जाते. गाडीचा भार आणि ब्रेकचा झटका त्या दाबावर पेलला जातो. मधे रंगाचा थर असेल तर गाडी चालताना, चाक गरम होताना तो थर चेपतो, सरकतो. थर केसाएवढा कमी झाला तरी ताण उतरतो आणि नट ढिला होतो. तुम्ही पाना लावून घट्टच केलेला असतो, तरीही. म्हणून या खोबणींत जुने नट उलटे ठेवा किंवा कागदाच्या गुंडाळ्या घट्ट बसवा आणि रंगानंतर एकदा बॅटरी लावून तपासा.

दुसरी, डिस्कची मागची सपाट जागा, जी हबला टेकते. कारण तेच. इथला गंज तारेच्या ब्रशने काढायचा आणि जागा कोरडी, बिनरंगाची ठेवायची.

तिसरी, मधलं भोक. ते हबवर नेमक्या मापात बसतं. रंग जमला तर चाक अडकत बसतं किंवा किंचित तिरकं राहतं.

चौथी, टायर उतरवला असेल तर टायरचा काठ जिथे टेकतो ती पट्टी. तिथे रंगाचे ओघळ राहिले तर ट्यूबलेसमधून हळूहळू हवा जाते.

याशिवाय व्हॉल्व्हला टेप गुंडाळा. बॅलन्सिंगची वजनं जिथे आहेत तिथेच राहू द्या; निघालंच तर त्या जागी खूण करा आणि नंतर टायरवाल्याकडून बॅलन्सिंग करून घ्या. चाक गाडीवर ठेवूनच रंग मारायचा मोह होतो, पण ब्रेक डिस्क आणि पॅडवर रंगाचे तुषार जाणं परवडणारं नाही. चाक काढूनच करा.

प्रायमर लागतोच का?

उघडा धातू दिसत असेल तर लागतोच. लोखंडाला गंजरोधक प्रायमर, ॲल्युमिनियमला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा. साधा प्रायमर उघड्या ॲल्युमिनियमला नीट धरत नाही. जुना रंग सगळीकडे शाबूत असेल आणि फक्त छटा बदलायची असेल तर नीट घासून थेट रंगही चालतो. मी तरीही एक पातळ हात प्रायमरचा सुचवेन, कारण करड्या थरावर राहिलेले ओरखडे लगेच दिसतात आणि दुरुस्त करता येतात.

रंग मारायची पद्धत काय?

कॅनमधली गोळी वाजायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवा. थंडीत कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला तर फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हाताला सहन होणारं. कॅन कधीही शेगडीवर, बंबाजवळ किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचा नाही.

आठ ते दहा इंच अंतर ठेवा. फवारा डिस्कच्या बाहेर सुरू करा, डिस्कवरून एका वेगाने न्या, बाहेर संपवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढला पाहिजे. आधी पात्यांच्या कडा आणि खाचा, मग पुढचा भाग. उलटं केलंत तर पुढचा भाग दोनदा भिजतो आणि ओघळतो. पहिला हात इतका हलका असावा की खालचा थर अजून दिसतोय. पहिल्या हातात डिस्क झाकायची घाई झाली की ओघळ ठरलेलाच. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा.

दोन हातांमधलं अंतर कॅनवर लिहिलेलं असतं, ते पाळा. बऱ्याच रंगांत एक तर तासाभरात पुढचा हात द्यायचा असतो, नाही तर पुढे एक-दोन दिवस थांबायचं असतं. मधल्या वेळेत मारला की खालचा अर्धवट सुकलेला थर सुरकुततो.

क्लिअर कोट लावलाच पाहिजे?

मेटॅलिक सिल्व्हर, गनमेटल वगैरे असेल तर हो. त्या रंगातली चमकी उघडी राहते आणि ब्रेकची पूड तिच्यात रुतते. क्लिअरचे दोन-तीन हात द्या. मॅट काळा करणाऱ्यांनी मॅट क्लिअर घ्यावा.

हार्डनर कॅनच्या तळाशी दाबून फोडायचा असा दोन घटकांचा क्लिअरही मिळतो. तो पेट्रोलला आणि घासण्याला नक्कीच जास्त टिकतो. पण त्यात आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसाला बाधतं. एकदा त्याची ॲलर्जी जडली की थोड्या संपर्कानेही दमा उठू शकतो. स्प्रे बूथ आणि योग्य श्वसनसंरक्षण नसेल तर घरी तो वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा फोडलेला तो कॅन ठेवताही येत नाही.

तोंडाला रुमाल बांधला तर पुरतो का?

नाही. रुमाल आणि साधा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाहीत. ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या डब्या असलेला मास्क घ्या. बंद गॅरेजमध्ये किंवा जिन्याखाली रंग मारू नका.

आगीचा धोका वाफेइतकाच मोठा आहे. कॅनमधला वायू पेट घेणारा असतो. अंगणात बंब पेटलेला असेल, आत गॅस गिझर चालू असेल, शेजारी कुणी विडी ओढत असेल तर थांबा. रिकामा कॅन शेकोटीत किंवा बंबात टाकला तर फुटतो. घरातल्या लहान मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

ब्रेकजवळ चाक तापतं, मग इंजिनचा हीटप्रूफ रंग बरा नाही का?

गरज नाही. ब्रेक जितका तापतो तितकी डिस्क तापत नाही. शिवाय बरेच हीटप्रूफ रंग भट्टीच्या तापमानाला गेल्याशिवाय पक्के होत नाहीत. डिस्कवर ते मऊच राहतात.

ओघळ आला, आता काय?

पुसू नका. एक दिवस पूर्ण सुकू द्या, ८०० च्या पेपरने पाणी लावून सपाट करा, त्यावर हलका हात मारा. दुधट झाला असेल तर कोरड्या उन्हाच्या दिवशी वरून एक पातळ हात द्या, बऱ्याचदा सुधारतो. वाटोळे खड्डे पडले असतील तर वरून कितीही रंग मारून उपयोग नाही; तेवढा भाग धातूपर्यंत घासा आणि तेल काढण्यापासून पुन्हा सुरुवात करा. सुरकुत्या पडल्या तरी तेच.

किती वेळाने गाडीवर चढवायचं?

बोटाला अर्ध्या तासात कोरडं लागतं, त्याला फसू नका. चोवीस तासांनी चढवा. हवा पुस्तिकेतल्या आकड्याइतकी भरा. नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे, चांदणीच्या क्रमाने, गाडी खाली घेतल्यावर पूर्ण आवळा. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा लावा. बहुतेक लहान गाड्यांत तो १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पान्यावर उभं राहून आवळायचं नाही, बोल्ट प्रमाणाबाहेर ताणले जातात.

पहिले ५० ते १०० किलोमीटर गावातल्या गावात चालवा आणि नट परत तपासा. त्याआधी यवतेश्वरचा घाट, पसरणी किंवा खंबाटकी नको. उतारावर सतत ब्रेक लागतो, चाक तापतं आणि ताजा रंग अजून मऊ असतो. रंग पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. तोवर प्रेशर वॉश टाळा.

आरटीओची परवानगी लागते का?

आरसीवर नोंद असते ती बॉडीच्या रंगाची, डिस्कच्या नाही. मापापेक्षा मोठी डिस्क बसवणं ही वेगळी गोष्ट आहे, रंगाशी तिचा संबंध नाही.

कुठला रंग बरा दिसतो?

गनमेटल. कासकडची तांबडी धूळ असो की कराडकडची काळी माती, गनमेटलवर दोन्ही कमी उठून दिसतात. चकचकीत काळा पहिल्या दिवशी फार देखणा असतो, पण रोज पुसायची हौस हवी. साधा सिल्व्हर टचअपला सर्वात सोपा.

त्यापेक्षा पावडर कोटिंग करून घेऊ का?

बजेट असेल तर जरूर. जास्त टणक असतं. टायर उतरवावे लागतात आणि डिस्क साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत जाते. एमआयडीसीत चौकशी करताना एकच विचारा: अलॉय डिस्क आधी केल्यात का? नटांच्या खोबणी झाकायची काळजी तिथेही घ्यावी लागते.

सोलून काढता येणारा रबरी रंग?

हौसेपुरता ठीक. पाच-सहा जाड हात दिले तरच तो सलग सोलतो. पातळ मारला तर तुकड्या-तुकड्यांत खरवडत बसावं लागतं.

ट्रॅक्टरच्या डिस्कलाही कॅन चालेल का?

आकार पाहता कॅन महागात पडतात. खताचा आणि शेणाचा अंश असलेला चिखल लोखंड लवकर खातो, म्हणून तारेच्या ब्रशने गंज काढून रेडऑक्साइड आणि वरून इनॅमल, दोन्ही ब्रशने. नटांच्या खोबणीचा नियम मात्र तोच.

उरलेला कॅन कसा ठेवायचा?

उलटा धरून फक्त वायू येईपर्यंत दाबा, नोझल साफ राहतं. टोपी लावून सावलीत, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. टोपीवर गाडीचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. खडीचा पहिला टवका उडाला की तोच कॅन लागणार आहे.